"बघून येते" म्हणायला शिकवा: सायबर जनजागृती करणाऱ्या सोलापूरकरांना खुलं पत्र

नमस्कार,

सोलापुरात सायबर फसवणुकीवर जनजागृती करणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे. बँकेत स्टँडी लावणारे, चौकात पथनाट्य करणारी कॉलेजची पोरं, ज्येष्ठ नागरिक संघात येऊन स्लाइड दाखवणारे साहेब, सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सावधान सावधान म्हणून मेसेज टाकणारे काका, सगळ्यांना. तुम्ही हे मनापासून करताय, कुणी पैसे देत नाही तरी करताय, हे मी बघतो. म्हणूनच सरळ तुम्हालाच लिहायचं ठरवलं.

मी चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात सेल्समन आहे, २७ वर्षं झाली. गादीवर बसून साड्या दाखवायच्या, घड्या मोडायच्या, परत घालायच्या. समोरच्याचं मन कसं वळतं हे माझं रोजचं काम आहे, त्यावर माझं घर चालतं. आणि मागच्या दिवाळीनंतर माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं मन एका माणसानं फोनवरून वळवलं आणि साडेचार लाख नेले. त्यामुळं या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

अक्का रिटायर शिक्षिका. जुळे सोलापूरला एकटी राहते, भावजी नाहीत, मुलगा पुण्याला. तिला फोन आला की तुमच्या आधारवर कुणीतरी सिम घेतलंय आणि त्यावरून गुन्हा झालाय, मुंबईला केस आहे, थांबा साहेबांना देतो. मग व्हिडिओ कॉल. खाकी ड्रेस, मागं भिंतीवर चिन्ह, टेबलावर फायली. दीड दिवस कॉल चालू. जेवताना सुद्धा फोन समोर उभा करून ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एफडी मोडली, काउंटरवरच्या पोरीनं विचारलं पण, मावशी एवढे कशाला, तर अक्का म्हणाली भाचीचं लग्न आहे. साहेबांनी सांगितलं होतं असंच सांगायचं.

आता ऐका. त्या काउंटरच्या मागंच भिंतीवर डिजिटल अरेस्टचं, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळतात त्याचं, पोस्टर होतं. मी अक्काला विचारलं, तुला दिसलं नाही का गं? म्हणाली, "दिसलं की, वाचलं पण. पण मला वाटलं ते खोट्या पोलिसांबद्दल आहे. हे तर खरे होते."

हे वाक्य गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही सगळ्यांनी हे वाक्य एकदा कागदावर लिहून समोर ठेवावं असं मला फार वाटतं, कारण आपलं पोस्टर कुठं कमी पडतंय ते त्यात आहे. पोस्टर सांगतं खोट्यापासून सावध रहा. पण ज्याच्यावर वेळ येते त्याला समोरचा खोटा वाटतच नसतो.

दुकानात कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गिऱ्हाईक आलं की आधी बसवायचं. बसा तरी, घेऊ नका पण बघा. मग चहा सांगायचा. चहा पिलेला माणूस तसाच उठून जायला लाजतो, दहा रुपयाच्या चहाचं ओझं होतं त्याला, आणि त्यात वाईट काही नाही, आपल्यात घेतलेल्याची परतफेड करायची ही रीतच आहे. मग बजेट दोन हजार सांगितलं असलं तरी आधी सहा हजाराची उघडायची, म्हणजे नंतरची अडीच हजाराची स्वस्त वाटते. ह्या रंगात एवढा एकच पीस राहिलाय. कालच तुमच्या गल्लीतल्या एका मॅडमनी हीच नेली. मग पदर खांद्यावर टाकून आरशापुढं उभं करायचं, एकदा बाई आरशापुढं उभी राहिली की निम्मी साडी विकली गेली. मी खोटं सांगत नाही, एकच पीस असेल तरच एकच आहे म्हणतो, आमच्या मालकांची तशी शिस्तच आहे. पण हत्यारं हीच आहेत. अमेरिकेत अॅरिझोनाला रॉबर्ट चाल्डिनी म्हणून मानसशास्त्राचे रिटायर प्राध्यापक आहेत, ते विक्रीवाल्यांच्यात, देणग्या गोळा करणाऱ्यांच्यात जाऊन राहिले, शिकाऊ म्हणून ट्रेनिंग घेतलं आणि मग हीच यादी मांडली, परतफेड, दिलेला शब्द, चार लोक करतात ते, आवडता माणूस, अधिकार आणि टंचाई. आमच्या मालकांची मुलगी मानसशास्त्रात एमए करते, अक्काचं झाल्यावर तिनं मला हे सगळं समजावलं, त्यानंतर मी मोबाईलवर वाचत सुटलो. वाचताना प्रत्येक पानावर आमची गादी दिसत होती.

मग मला प्रश्न पडला की हत्यारं तीच आहेत तर माझ्या दुकानात येणारी बाई का लुटली जात नाही? जास्तीत जास्त काय होतं, दोनशे रुपये जास्त जातात किंवा नको असलेली एक साडी जास्त घेते. आणि अक्का, जिनं आयुष्यभर शाळेत पोरांना गणित शिकवलं, ती एफडी मोडून कशी बसते?

उत्तर मला गादीवर बसूनच सापडलं. माझ्या गिऱ्हाईकाकडं दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बरोबर जाऊ असते, नणंद असते, शेजारीण असते. मी कितीही रंगवून सांगितलं तरी ती शेजारीण हळूच म्हणते, "अगं हिचा रंग जाईल बघ", आणि झालं, माझी अर्ध्या तासाची मेहनत एका वाक्यात संपली. आणि दुसरं म्हणजे ते दोन शब्द. "बघून येते." सेल्समनच्या आयुष्यात ह्याच्यासारखं वाक्य नाही. अपमान नाही, भांडण नाही, नकार पण नाही. चहा पिऊन झाला तरी म्हणता येतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नसतं, मी फक्त "या या, नक्की या" म्हणतो. चार दुकानं फिरून डोकं थंड झाल्यावर तिला खरंच पाहिजे असेल तर ती परत येते.

फोनवरचा माणूस पहिलं काम काय करतो? ह्या दोन गोष्टी काढून घेतो. कुणाला सांगायचं नाही, नॅशनल सिक्रेट आहे, सांगितलं तर मुलाला पण अटक होईल. आणि कॉल कट करायचा नाही. बाकी सगळं, तो ड्रेस, ती फाईल, ते वॉरंटचं पीडीएफ, नंतरचं. आधी शेजारीण घालवायची आणि दाराला कडी लावायची.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. १९६१ मधे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला होता. पेपरात जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली, स्मरणशक्तीचा अभ्यास आहे सांगितलं, आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा. १५ व्होल्टपासून सुरू करून दर वेळी १५ नं वाढवत ४५० पर्यंत. झटके खोटे होते पण बटण दाबणाऱ्याला ते माहिती नव्हतं. शेजारी करड्या कोटातला एक माणूस शांतपणे पुढं चालू ठेवा म्हणायचा. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम फुटत होता, हात थरथरत होते, तरी गेले. हे आता बऱ्याच जणांना माहिती असतं, पण पुढचा भाग कमी लोक सांगतात. त्यांनी हाच प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हेनं केला. कोटातला माणूस खोलीतून गेला आणि फोनवरून हुकूम द्यायला लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातले एकच उरले. आणि शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी आम्ही नाही करणार म्हटलं तेव्हा ४० पैकी फक्त ४.

हे वाचलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, आणि मला रडू आलं, खरं सांगतो. म्हणजे तो चोर साधा फोन सोडून व्हिडिओ का करतो ते कळलं की ओ. नुसत्या आवाजाची ताकद कमी पडते, साहेब समोर दिसला पाहिजे. आणि अक्काच्या शेजारी त्या दीड दिवसात कुणी एक जण बसलेला असता, कुणीही, मी, वरच्या मजल्यावरच्या काकू, तिसरीतला पोरगा, तर गणितच बदललं असतं.

अजून एक, त्यानं पहिल्याच फोनला साडेचार लाख मागितले असते तर अक्कानं त्याला झापलं असतं. त्यानं आधी काय मागितलं, तर नाव सांगा. मग आधारचे शेवटचे चार आकडे. मग खोलीचं दार लावा. मग माझ्या मागं शपथ घ्या की खरं बोलेन. मग तुम्ही निर्दोष आहात हे मला दिसतंय मॅडम, फक्त पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवायचेत, तपासून परत येतील. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच मोठी. १९६६ मधे कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी हेच दाखवलं होतं. घरापुढच्या अंगणात गाडी जपून चालवा असा मोठा बेढब फलक लावू द्या म्हटलं तर सहात एखादाच हो म्हणायचा. पण ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाचा एक छोटासा स्टिकर लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. छोटं हो मोठ्या हो ला ओढून आणतं. आपण शब्दाला जागणारी माणसं आहोत, आणि तो बरोबर तिथंच हात घालतो.

म्हणून माझी पहिली विनंती. "लोभी लोक फसतात", "अडाणी लोक फसतात", "सुशिक्षित असूनही बळी" असलं कृपा करून लिहू नका, बोलू नका. अक्का लोभी नव्हती, तिला काही मिळवायचं नव्हतं. ती ज्यामुळं फसली ते सगळे तिचे चांगले गुण आहेत, साहेबाला मान देणं, शब्द पाळणं, मुलाची काळजी. आणि ह्या "शिकलेली असून" मुळं काय झालं माहिती आहे? अक्कानं मला सहा दिवस सांगितलंच नाही. सहा दिवस! ज्या काळात १९३० ह्या सायबर तक्रारीच्या नंबरला फोन करून पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते तो काळ तिनं उशीत तोंड खुपसून काढला, कारण लोक काय म्हणतील. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यात पळतात, जेवढी लवकर तक्रार तेवढं काहीतरी हाताला लागतं. आपण लोकांना जी लाज वाटायला लावतो ती सरळ चोराच्या खिशात जाते.

दुसरी विनंती त्याच धाग्यातली. एका कार्यक्रमात मी स्वतः ऐकलं, वक्ते कळकळीनं सांगत होते की "बहुतेक लोक तक्रारच करत नाहीत". हेतू चांगला, पण ऐकणाऱ्याच्या मनात काय जातं, की बहुतेक लोक गप्प बसतात म्हणजे गप्प बसायचीच रीत आहे. अॅरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात, जिथं झाडांचे दगड झालेत तिथं, चाल्डिनींनीच हे तपासलं होतं. लोक तिथले तुकडे उचलून नेतात. एका पाटीवर लिहिलं की आधीच्या पुष्कळ लोकांनी तुकडे नेलेत त्यामुळं जंगलाचं नुकसान झालंय. तिथं ठेवलेल्या तुकड्यातले जवळपास ८ टक्के गेले. दुसऱ्या पाटीवर साधं लिहिलं, कृपया नेऊ नका. तिथं पावणेदोन टक्के सुद्धा गेले नाहीत. म्हणजे रडगाणं गाणाऱ्या पाटीनंच चोरी वाढवली. आपण उलटं सांगूया. अशोक चौकातल्या अमक्या वयाच्या आजींनी फोन ठेवून दिला आणि लगेच कळवलं, असं. अशी माणसं आहेत आपल्यात, त्यांना शोधा, त्यांची नावं नका सांगू हवं तर, पण गोष्ट सांगा.

आणि गोष्ट त्यांच्याच गल्लीतल्या माणसानं सांगू दे. इथं टॉवेलचं उदाहरण देतो, टॉवेल म्हणजे आपल्या गावचाच विषय. २००८ मधे छापून आलेला अभ्यास आहे, हॉटेलच्या खोल्यांत टॉवेल परत वापरा म्हणून कार्डं ठेवली होती. पर्यावरण वाचवा म्हटलं तेव्हा ३५ टक्के लोकांनी परत वापरले. इथले बहुतेक पाहुणे परत वापरतात म्हटलं तेव्हा ४४. आणि ह्याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे परत वापरतात म्हटलं तेव्हा ४९. त्याच खोलीतला! बाकी काही ओळख नाही तरी. मग पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना मराठी-इंग्रजी बॅनरनं किती पोचणार? तिथं तेलुगूत बोलणारी, त्यांच्याबरोबर विडी वळलेली बाई पाहिजे. अक्कलकोट रोडला कन्नडमधून, आणि आमच्या गल्लीच्या मागं दखनीतून. ह्या गावात चार भाषा घराघरात बोलतात आणि आपली जनजागृती दोनच भाषांत, त्यातली एक कुणाच्या घरात बोलत नाहीत.

आता भीती. स्लाइडवर रक्ताच्या अक्षरात लिहिणं, कवटीचं चित्र. भीती दाखवून माणूस हलतो असं वाटतं, पण नुसत्या भीतीनं हलत नाही. १९६५ मधे येललाच धनुर्वाताच्या लसीबद्दल विद्यार्थ्यांना पत्रकं दिली, काहींना भयंकर फोटोवाली. घाबरले, लस चांगली म्हणाले, पण गेले फक्त ३ टक्के. ज्यांना त्याबरोबर दवाखाना कुठं आहे ह्याचा नकाशा दिला आणि तुमच्या आठवड्यातल्या कोणत्या वेळी जमेल ते बघा म्हटलं, त्यातले २८ टक्के गेले. दवाखाना काही लपलेला नव्हता, शेवटच्या वर्षाची पोरं ती. फक्त पाऊल कुठं टाकायचं ते नेमकं सांगितलं.

आपल्याकडं ते पाऊल काय? पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मधे सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा. बरोबर आहे ते. पण थांबायचं कसं, हे शिकवायचं काम आपल्यावर आहे. साहेब समोर डोळे वटारून बसलाय आणि अक्कासारखी बाई, जिनं आयुष्यात कुणाचा फोन तोंडावर आपटला नाही, तिच्या तोंडात त्या क्षणाला कोणतं वाक्य यायचं? ते आधीच तोंडात बसलेलं पाहिजे. आणि ते आपल्याकडं तयार आहे. प्रत्येक सोलापुरी बाईनं ते हजारदा म्हटलंय.

"बघून येते."

साहेब, बघून येते. भावाला विचारून येते. आणि फोन ठेवायचा. त्यात नकार नाही, भांडण नाही, त्यामुळं भीड आड येत नाही. खरा पोलीस असेल तर त्याचं काही बिघडत नाही, तो नोटीस पाठवेल, ठाण्यात बोलवेल, आपल्या कायद्यात व्हिडिओवरची अटक हा प्रकारच नाही. खोटा असेल तर चवताळेल, आणि तो चवताळणं हीच खूण. दुकानात पण तेच आहे, बघून येते म्हटल्यावर जो सेल्समन हात धरतो त्याच्या दुकानात परत जाऊ नये.

पण हे बॅनरवर छापून होणार नाही, हे तोंडानं म्हणून घ्यायला लागेल. १९६० च्या आसपास विल्यम मॅकग्वायर यांनी लसीसारखी कल्पना मांडली होती, की माणसाला नुसतं पटवून ठेवण्यापेक्षा खोट्या युक्तिवादाचा हलका डोस आधी द्यायचा आणि त्याचं उत्तर द्यायला शिकवायचं, म्हणजे खरा हल्ला आला की तो टिकतो. तसं करा ना. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर स्लाइड बंद करा, दोन खुर्च्या मांडा. एकानं चोर व्हायचं, एकानं फोन उचलायचा, सगळ्यांसमोर. प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी ते वाक्य निघालं पाहिजे आणि लाल बटण त्याच्या स्वतःच्या बोटानं दाबलं गेलं पाहिजे. बँकेच्या काउंटरवर पण एक करता येईल. एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला "कशाला पाहिजेत" विचारलं तर त्याचं उत्तर चोरानं पाठ करून घेतलेलं असतं. त्यापेक्षा विचारा, "हे कुणाला सांगू नका असं कुणी सांगितलंय का?" ह्याचं उत्तर पाठ नसतं. चेहऱ्यावर दिसतं.

राहिला नंबर. लोकांना तो पाठ होत नाही म्हणून तुम्ही दर कार्यक्रमात तीन तीनदा म्हणून घेता. सोलापुरात ह्याची गरज नाही हो. १९३०. मे १९३० मधे इंग्रजांनी ह्या गावात मार्शल लॉ लावला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ह्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली. आपल्या शाळेत हे शिकवतात, चौकात पुतळे आहेत, आपण रोज तिथून स्टँडला जातो. खरी बंदूक, खरी वर्दी, खरा हुकूम समोर असताना ह्या गावानं मान खाली घातली नव्हती. पुतळ्यांसमोर शाळेच्या पोरांना उभं करून सांगा, हे साल आणि हा नंबर एकच आहे, घरी जाऊन आजीला सांगा. एकदा सांगितलं की मरेपर्यंत विसरणार नाहीत. हे दुसऱ्या कुठल्या गावाला जमणार नाही, आपल्यालाच जमेल.

कट्ट्यावर त्या दोन खुर्च्या मांडणार असाल तर मला बोलवा, चोराचं काम मी करतो. २७ वर्षं माणसं बसवून ठेवायचं काम केलंय, मला ते चांगलं जमेल, आणि समोरच्याला उठायला शिकवायचं असेल तर बसवणारा पण तसाच पाहिजे. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी कधीही.

अक्का पण यायला तयार झालीय. आधी नको म्हणत होती, परवा स्वतःहून म्हणाली मी बसते दुसऱ्या खुर्चीवर. तिची अट एकच आहे, फोटो काढायचा नाही, आणि "शिकलेली असून" कुणी म्हणायचं नाही.

तुमचा,
चाटी गल्लीतला एक सेल्समन